घाटातली वामकुक्षी

"गादी मागे बांधलीस तर मी बसू कुठे?" नेलिदानं विचारलं.

"गादीला टेकून बस की. राणीसारखी."

"राण्या घाटात मोटारसायकलवरून जात नाहीत, एवारिस्तो. राण्या घरी झोपतात."

शनिवारची सकाळ होती. अंगणात एवारिस्तो बासान गुंडाळलेल्या गादीवर दोरी आवळत होता आणि गादी फुगून पुन्हा वर येत होती. 'कितीही दाबा, मूळ आकारात परत येते' असं तो गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आला होता. ते आज पहिल्यांदा खरं निघालं, तेही नको त्या वेळी.

चिलेसितो गावात बासानचं गाद्यांचं दुकान माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. गिऱ्हाईक यायचं, गादीवर आडवं व्हायचं, डोळे मिटून हुं म्हणायचं, कूस बदलायचं, आणि एवारिस्तो शेजारी हात बांधून उभा. गावचे न्यायाधीश, पाद्रीबाबा, दोन्ही पक्षांचे पुढारी, सगळ्यांना त्यानं आडवं झालेलं पाहिलं होतं. अख्ख्या गावाला आडवं करता करता त्याचा स्वतःचा जन्म उभ्यानंच चालला होता. अशात वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यानं एका निवृत्त पोस्टमनकडून जुनी हिरवी मोटारसायकल विकत घेतली. तिच्यावर बसलं की त्याला वाटे, आपण बसलेलो आहोत आणि तरीही कुठंतरी चाललो आहोत. असलं काही सुख असतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा तिच्यावर जीव जडला, आणि ते तो लपवतही नसे.

"मी तापानं फणफणले होते तेव्हा माझं कपाळ कधी एवढं पुसलं नव्हतंस," टाकी पुसणाऱ्या नवऱ्याला नेलिदा ऐकवायची. मोटारसायकलचा उल्लेख ती 'तुझी ती' असा करायची.

भांडण खरं तर झोपेवरून होतं. त्या मुलखात दुपारचं जेवण झालं की दुकानांची दारं बंद होतात, खिडक्यांच्या झडपा पडतात, आणि संध्याकाळचा गार वारा सुटेपर्यंत कुत्रंसुद्धा तोंड उघडत नाही. नेलिदाची दुपारची झोप तर गल्लीत प्रसिद्ध होती. तिच्या खिडकीखाली कुणी शिट्टी वाजवली तरी त्याच्या आईपर्यंत तक्रार जायची. आणि आता तिच्याच अंगणात, ऐन वामकुक्षीच्या वेळी, तिचाच नवरा इंजिन सुरू करून त्याच्याकडे कान लावून बसे आणि म्हणे, "ऐक, आज किती गोड वाजतेय!"

त्यात रुफिनो. रुफिनो म्हणजे नेलिदाचा धाकटा भाऊ. त्याचा कोंबड्यांचा धंदा होता आणि मोटारसायकलवर त्याचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. दोन्ही बाजूंना पिंजरे अडकवायचे आणि दारोदार कोंबड्या पोचवायच्या असा त्याचा बेत होता. एकदा तर जेवायला आला आणि जेवण व्हायच्या आत अंगणात जाऊन टेपनं मापं घेऊन आला. एवारिस्तोला त्या रात्री घास गेला नाही.

शेवटी नेलिदानंच तह मांडला.

"डोंगरात फार शांतता असते म्हणतोस ना? ने मला. एकदाच. तंबूबिंबू जे काय करायचं ते कर. तिथं मला दुपारची नीट झोप मिळाली, ऊन डोंगराआड जाईपर्यंत, तर ठेव तुझी ती. पुन्हा चकार शब्द काढणार नाही. आणि नाही मिळाली, तर सोमवारी रुफिनो येऊन घेऊन जाईल."

"मंजूर," एवारिस्तो म्हणाला. डोंगरातल्या शांततेवर त्याचा गाढ विश्वास होता. तिथं तो कधी झोपला नव्हता, म्हणून असेल.

तंबू महाग होता. पण दुकानात खोळींच्या लाल कापडाचा एक गठ्ठा पडून होता. लाल गादीवर झोप येत नाही असं गिऱ्हाइकांचं म्हणणं पडल्यामुळे तो खपत नव्हता. छत म्हणून ते कापड, खाली गादी, गोमाश्यांसाठी वासाच्या मेणबत्त्या, वाइनची बाटली, आणि नेलिदानं तळलेल्या एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या. एवढा संसार घेऊन दोघं निघाले.

घाट लागला तशी नेलिदानं दोन्ही हातांनी त्याची कंबर घट्ट धरली आणि डोळे मिटले ते मिटले.

"समोर बघ तरी! फामातिनाच्या शिखरावर बर्फ काय चमकतंय!"

"तू बघू नकोस! तू रस्ता बघ!"

"अगं, वळणावर जरासं झुकावंच लागतं."

"तू झुकलास की मला माझे काळे कपडे दिसतात, एवारिस्तो. विधवेचे. प्रत्येक वळणावर दिसतात. आता तर त्यांना बटणंसुद्धा लागलीत."

हे ती गमतीनं बोलत नव्हती. पण हेल्मेटच्या आत वारा शिरल्यामुळे एवारिस्तोला त्यातलं निम्मंच ऐकू आलं, आणि त्यानं फक्त "बटणं नंतर लावू" असं ओरडून सांगितलं.

दोन माणसं, एक गादी आणि चढ. इंजिन तापलं. दुपारचं जेवण व्हायची वेळही झालीच होती. एका रुंद वळणावर रस्त्याला लागूनच एकटं आल्गारोबोचं झाड होतं. मागे खडक, शेजारी ओहोळ, गार वारा. आसपास घर नाही, कोंबडा नाही, कुत्रं नाही. आणखी आत जायला हवं होतं, पण तापलेली गाडी दगडांतून आत जाईना आणि नेलिदा सापांच्या भीतीनं आत जाईना. एवारिस्तोनं झाडाखाली कापड ताणलं. कापड उरलं म्हणून त्याच्या पट्ट्या फाडून फांद्यांना बांधल्या, वळणावरून येणाऱ्यांना गाडी लांबूनच दिसावी म्हणून. पुढ्यात दगडावर मेणबत्त्या लावल्या. वाइनची बाटली मुळाशी सावलीत उभी केली. मोटारसायकल एका बाजूला दिमाखात लावली. जेवण झालं. नेलिदा गादीवर आडवी झाली, आणि एवारिस्तो सवयीनं शेजारी हात बांधून उभा राहिला.

"कशी काय वाटते?"

"गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं बोलू नकोस. गप्प बस. मला झोप येतेय."

अगदी त्याच क्षणी एक ट्रक वळणावर आला. पीं-पीं, पींऽऽ!

नेलिदानं एक डोळा उघडला.

"ओळख देतात गं," एवारिस्तो म्हणाला. "घाटात मोटारसायकलवाल्याला मान असतो. सगळे हॉर्न वाजवून रामराम करतात." आणि त्यानं ट्रकला हातही केला.

मग एक छोटी गाडी आली. तिनं तीनदा वाजवला. मागोमाग दुधाची गाडी. मग लांबलचक ट्रेलर आला, आणि त्याच्या भोंग्यानं खडकातली पाखरं उडाली.

"तुझा मान जरा जास्तच होतोय," नेलिदा डोळे मिटूनच म्हणाली. "रुफिनोला सोमवारी सकाळी बोलवू का दुपारी?"

एवारिस्तो खाली वाकला. त्यानं गादीचा कोपरा उसवला, आतला कापूस काढला आणि त्याचे दोन बोळे बायकोच्या कानात घातले. मग खाद्यपदार्थांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर जळक्या काटकीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हॉर्न वाजवू नका. शांतता.' आणि तो पुठ्ठा रस्त्याकडेच्या फांदीला अडकवला.

उपाय लागू पडला. पुढचा ट्रक आला, हॉर्न वाजला नाही. एवारिस्तोनं सुटकेचा श्वास सोडला. पण ट्रक पुढेही गेला नाही. तो कडेला थांबला आणि त्यातून एक आडदांड माणूस टोपी काढून, चवड्यांवर चालत आला. त्यानं सिगारेट पेटवली, एक झुरका घेतला, आणि ती जळती सिगारेट वाइनच्या बाटलीशेजारी दगडावर अलगद ठेवली. मग छातीवर क्रूस काढला.

"नवीन दिसतंय, दादा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"नवीन कसली, जुनीच आहे," एवारिस्तो मोटारसायकलकडे बघत म्हणाला. "सगळं मी स्वतःच्या हातानं नीट केलंय."

"हात आहे हां तुम्हाला. नवस होता?"

"बायकोची अट होती."

"बायकांमुळेच टिकलंय बघा सगळं. मी बाउदिलिओ. कांदे घेऊन चिलेसितोला चाललोय. हॉर्न नको म्हणून पाटी लावलीत, म्हटलं मग उतरून भेटायलाच हवं. नुसतं तसंच त्याच्या समोरून निघून जायची माझी तरी छाती नाही. माझा मेव्हणा गेला होता तसा एकदा. पुढच्याच वळणावर ट्रक आडवा, टोमॅटोंसकट."

"कुणाच्या समोरून?"

"कुणाच्या म्हणजे? गाउचितोच्या!"

एवारिस्तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि मागे वळून पाहिलं. रस्त्याकडेला एकटं झाड. त्याला लाल छत, फांद्यांना लाल पट्ट्या. पुढ्यात जळत्या मेणबत्त्या, वाइन, सिगारेट. त्याचा स्वतःचा हात आपोआप छातीकडे गेला, आणि मग जागीच थिजला.

गाउचितो कोण हे घाटात कुणी विचारत नाही. श्रीमंतांची गुरं पळवून गरिबांना वाटणारा, गळ्यात लाल रुमाल बांधणारा आणि शेवटी झाडाला उलटा टांगून मारलेला तो एक गुराखी. चर्चनं त्याला संत मानायला नकार दिला, म्हणून लोकांनी जास्तच मानला. झाडाखाली लाल फडकी दिसली की तिथं तो आहे असं समजायचं आणि जाताना हॉर्न वाजवायचा. नवसाला तो हमखास पावतो. पण कबूल केलेलं दिलं नाही तर सोडत नाही. एवारिस्तोचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. हॉर्न मात्र तोही वाजवायचा, उगाच कशाला विषाची परीक्षा म्हणून.

तो धावत परत आला आणि कापडाची दोरी सोडायला लागला. बाउदिलिओनं त्याचं मनगट पकडलं.

"काय करताय हे?"

"काढतोय! अहो, हे देऊळ नाही. हे माझ्या दुकानातलं खोळीचं कापड आहे!"

"मग? त्याच्या गळ्यातला रुमालसुद्धा कुठल्यातरी दुकानातलाच होता."

"पण मी हे बांधलंय सावलीसाठी!"

"तुम्ही कशासाठी बांधलंत त्याला कोण विचारतंय? मघापासून माणसं हॉर्न वाजवून गेली का नाही? गेली ना? मग झालं. आता ते त्याचं."

तोवर आणखी एक गाडी थांबली होती. तीतून शेतकरी नवरा-बायको उतरली, त्यांनी लाल मेणबत्त्या आणल्या. मग एक मेंढपाळ, मग दोन म्हाताऱ्या बहिणी. पाटीमुळे सगळी माणसं कुजबुजत होती. नुसता हॉर्न वाजवून जाणारी माणसं परवडली असती, असं एवारिस्तोला वाटून गेलं. कुणीतरी मोटारसायकलच्या आरशाला लाल फीत बांधली. ती बघून दुसऱ्यानं हँडलला बांधली. थोरल्या म्हातारीनं छताखाली डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. नेलिदा उताणी, हात पोटावर जोडलेले, कानात कापूस.

"अरे देवा," ती हळहळली. "कधी गेल्या?"

"गेली नाही हो! झोपलीय! माझी बायको आहे ती. दुपारची झोप घेतेय."

"ह्या इतक्या माणसांत?"

"हो."

म्हातारीनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं म्हातारीकडे पाहिलं.

"म्हणजे हा झोप देणारा गाउचितो आहे," थोरली म्हणाली. "बाई गं! मला तर चार चार दिवस डोळ्याला डोळा लागत नाही."

"मला पण," मेंढपाळ म्हणाला.

"तुम्ही खालची गादी कुठली वापरता?" एवारिस्तोच्या तोंडून निघून गेलं आणि दुकानाचं कार्ड काढायला हात खिशात गेलासुद्धा. मग त्याला प्रसंगाचं भान आलं.

एवढ्यावर निभावलं असतं. ऊन उतरणीला लागलं होतं, माणसं शहाण्यासारखी कुजबुजत होती आणि नेलिदा निपचित पडली होती. पण तेवढ्यात वळणावर बस आली आणि थांबली. तिचं दार उघडलं, आणि आतून एक मोठा सामूहिक उसासा ऐकू आला.

"पुन्हा?" बसमधून कुणीतरी ओरडलं. "अहो, आम्ही ह्या जन्मात पोचणार आहोत का नाही?"

पायऱ्यांवरून काळ्या टोपीतले एक किडकिडीत गृहस्थ खाली उतरले. छातीवर त्यांच्यापेक्षा वजनदार दिसणारा अकॉर्डियन.

"काझिमिरो लेदेस्मा, मुक्काम कोरिएन्तेस," त्यांनी वाकून ओळख करून दिली. "नातवाचं ऑपरेशन नीट पार पडलं. मी बोललो होतो, चिलीच्या हद्दीपर्यंत रस्त्यात जितके गाउचितो दिसतील तितक्यांपुढे तीन तीन चामामे वाजवीन, आमच्याकडची नाचाची गाणी."

"फार छान," एवारिस्तो हात जोडून म्हणाला. "पण हा मोजू नका. हा खरा नाही."

"लाल आहे?"

"आहे."

"झाडाखाली आहे?"

"आहे हो, पण..."

"मग खरा-खोटा ठरवणारा मी कोण? नातू माझा वाचलाय, साहेब. तुमचा नाही."

एवारिस्तोनं आवाज आणखी खाली आणला.

"निदान हळू वाजवा."

"हा हळू वाजत नाही," काझिमिरो दुःखानं म्हणाले आणि पट्टे खांद्यावर चढवू लागले. "मी घरी पण वाजवून पाहिलाय. शेजारी घर सोडून गेले."

एवारिस्तोला समोर रुफिनो दिसला. हिरव्या टाकीच्या दोन्ही बाजूंना पिंजरे, पिंजऱ्यांतून बाहेर आलेल्या माना, आणि त्यानं मायेनं पुसलेल्या सीटवर कोंबड्यांनी करून ठेवलेलं सगळं. त्याचे डोळे खरोखरच भरून आले. बाउदिलिओनं ते पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर जडशीळ हात ठेवला.

"दादा, त्यांचा नवस आहे, त्यांना थांबवता यायचं नाही. तुम्ही पण एक बोला. समोरच तर आहे. म्हणा, बायको उठू देऊ नकोस. पण द्यायचं काय ते जीव तुटेल असंच सांगा. मेणबत्तीवर मिटवायला गेलात तर त्याला अपमान वाटतो."

एवारिस्तो गाद्यांचा असला तरी शेवटी व्यापारीच. त्यानं झटपट हिशेब केला. नेलिदा उठली तर गाडी गेलीच, रुफिनोकडे. नेलिदा नाही उठली तर गाडी राहिली, आणि नवस ही काय, नुसती हवा. ज्याला आपण मानतच नाही त्याला काय वाट्टेल ते कबूल करायला कुणाच्या बापाचं जातंय?

"गाउचितो," तो त्या खोळीच्या कापडापुढे उभा राहून म्हणाला, घाईत जरा मोठ्यानंच, "ऊन डोंगराआड जाईपर्यंत माझी बायको झोपून राहिली, तर ही मोटारसायकल तुझी."

मेंढपाळानं टोपी काढली. आणि काझिमिरोंनी भाता ताणला.

काय तो आवाज! ओहोळापलीकडच्या शेळ्या पळाल्या. पहिला चामामे झाला, नेलिदा हलली नाही. दुसऱ्याला बसमधली माणसं नाइलाजानं खाली उतरली आणि, नाइलाजानंच, दोघं-तिघं नाचायला लागली. नेलिदानं पापणीसुद्धा हलवली नाही. तिसरा तर काझिमिरोंनी अशा आवेशात वाजवला की त्यांची टोपी मेणबत्तीवर पडली आणि एकच आरडाओरडा झाला. एवारिस्तो बायकोकडे बघत होता. ती तोंड उघडून चक्क घोरत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी घोरताना ऐकलं नव्हतं.

"पावला!" थोरली म्हातारी रडत म्हणाली.

ऊन डोंगराआड गेलं. झाडाखाली निळसर सावली पसरली, आणि नेलिदानं आळोखेपिळोखे देत डोळे उघडले. कानातले बोळे काढले. सभोवार माणसांचं कडं पाहून तिला नवल वाटलं असावं, पण आधी ती नवऱ्याकडे वळली.

"एवारिस्तो, हरले मी! अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. ठेव तुझी ती. आता मी चकार शब्द काढणार नाही."

एवारिस्तोला इतका आनंद झाला की त्यानं चारचौघांत तिचं चुंबन घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच आनंदात आहोत. बाकी सगळे टोप्या हातात धरून मोटारसायकलकडे बघत होते.

"दादा," बाउदिलिओ हळूच म्हणाला. "चावी."

"कसली चावी?" नेलिदानं विचारलं.

तिला सगळं सांगण्यात आलं. एकदा बाउदिलिओनं सांगितलं, मग दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम, मग काझिमिरोंनी, मधेमधे वाजवून. नेलिदानं छातीवर क्रूस काढला.

"गाउचितोला कबूल केलंस? अरे कर्मा! मग आता काय बोलायचं?"

"पण मी त्याला मानतच नाही!" एवारिस्तो कळवळून म्हणाला.

"तो तुम्हाला मानतो ना," थोरली म्हातारी म्हणाली. "तुमचं ऐकलं ना त्यानं?"

"नेलिदा, तू तरी सांग ह्यांना! तूच म्हणालीस आत्ता, ठेव म्हणून!"

"मी म्हणालेच. माझा शब्द मी पाळला. पण मी ठेव म्हणून काय उपयोग, तूच देऊन बसलास. गाउचितोशी खेळ नाही रे बाबा. उद्या दुकानाला आग लागली तर? एवढा कापूस भरलाय आत."

ते ऐकून बसमधली माणसंसुद्धा दोन पावलं मागे सरकली. एवारिस्तोनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो मोटारसायकलपाशी गेला. तिची टाकी बाहीनं पुसली, एकदा पुसली, पुन्हा पुसली. सीटवर बसला, कुठंही न जाता थोडा वेळ बसून राहिला, आणि मग उतरून चावी लाल पट्टीला बांधली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. काझिमिरोंना राहवलं नाही, त्यांनी ठरल्यापेक्षा एक चामामे जास्त वाजवला.

परतीचा प्रवास बाउदिलिओच्या ट्रकमधून झाला. मागे कांद्यांवर गादी, पुढे तिघं दाटीवाटीनं. बाउदिलिओ दारापाशी स्टिअरिंगवर, मधे एवारिस्तो, खिडकीशी नेलिदा. घाट उतरत होता. प्रत्येक वळणावर नेलिदा उघड्या डोळ्यांनी बाहेर बघत होती आणि फामातिनावरच्या बर्फाचं कौतुक करत होती.

"काय सुंदर दिसतंय! येताना कसं नाही दिसलं?"

नेलिदा काचेवर बोटांनी ताल धरून स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागली. दोन वळणं एवारिस्तो ते नुसतं ऐकत होता. तिसऱ्या वळणावर तो ताठ झाला.

तो दुसरा चामामे होता. नेमका दुसरा. त्यात मधे काझिमिरोंचं बोट चुकून घसरलं होतं आणि त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली होती. नेलिदाही घसरली, आणि तिनंही ती ओळ पुन्हा घेतली.

एवारिस्तोनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती बर्फ बघत होती.

त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. जागी होती! सगळा वेळ जागी होती! म्हणजे नवस फुकट! म्हणजे गाडी गाउचितोची नाही! ट्रक थांबवायचा, मागे फिरायचं, चावी सोडायची, आणि...

आणि काय? नेलिदा झोपली नव्हती, तर तहाप्रमाणे गाडी रुफिनोची. सोमवारी सकाळी. पिंजऱ्यांची मापं तयारच आहेत. त्यानं हिशेब एकदा सरळ केला, एकदा उलटा केला. शेवटची बेरीज दोन्ही वेळा तीच येत होती. फरक फक्त कोंबड्यांचा होता.

"काय बाई," बाउदिलिओनं गिअर बदलता बदलता विचारलं, "झोप लागली होती ना पण खरंच? नाहीतर नवसाचा घोळ व्हायचा. मला उगाच तुमच्या मिस्टरांची गाडी अडकवल्याचं पाप नको."

नेलिदाचं गुणगुणणं थांबलं. तिनं नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "ह्यांनाच विचारा. जागे तेच होते."

ट्रकनं एक वळण घेतलं. एवारिस्तोच्या नाकात कांद्याचा वास शिरला, आणि त्यामागून, का कोण जाणे, कोंबड्यांचाही.

"गाढ झोपली होती," तो म्हणाला. "चांगली घोरत होती."

"ए," नेलिदा म्हणाली, "मी घोरत नाही हं."